सेकंड शिफ्टचं झाड

कळ्या आल्या!

तोंडात ब्रश, डोळ्यांवर अजून झोप, आणि मी गॅलरीत उभा राहून ओरडतोय. पानांच्या टोकांवर, जिथं काल संध्याकाळपर्यंत काही म्हणता काही नव्हतं, तिथं तांदळाच्या कणीएवढे लालसर ठिपके. एका टोकाला एक, शेजारच्या टोकाला दोन. वाकून पाहिलं तर भिंतीकडच्या फांदीलाही. चष्मा आणायला आत धावलो, धावताना करंगळी चौकटीवर आपटली, आणि कळ येण्याऐवजी मला हसूच आलं.

“कोण आलं?” स्वयंपाकघरातून माझ्या बायकोनं, वंदनानं विचारलं.

“कळी! कळी आली!”

“मंग बसायले सांगा तिले. अन् आधी तोंड धुवा, पेस्ट सांडून राहिली शर्टावर.”

बाबा त्यांच्या खोलीतून काठी टेकत आले. वय ऐंशीच्या पुढं गेलं, पण घरात कुणी मोठ्यानं ओरडलं की त्यांच्या डोळ्यांपुढं अजून कोराडीचं वीजकेंद्रच येतं. तिथं त्यांची सगळी नोकरी गेली. “काय झालं गा? ट्रिप झालं काय?” त्यांनी विचारलं. चालू मशीन अचानक बंद पडणं म्हणजे ट्रिप. त्यांच्या लेखी दूध उतू जाणंही ट्रिप आणि टीव्ही अडकणंही ट्रिप.

“नाही बाबा. लाइटअप झालं!”

थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवणं म्हणजे लाइटअप. तो शब्द ऐकताच ते थांबले. मग कुंडीपाशी आले, काठी कठड्याला टेकवली, दोन्ही हात पाठीमागं धरले आणि वाकून पाहत राहिले.

“हात नको लावू,” ते म्हणाले. मी लावलाही नव्हता.

हे झाड स्वतःला कॅक्टस म्हणवतं, पण त्याला काटे नाहीत. चपट्या हिरव्या पेराला पेर जोडत ते वाढतं आणि चारी बाजूंनी खाली लोंबतं. लहानपणी आम्ही पोरं त्याला खेकड्याचं झाड म्हणायचो, कारण वाऱ्यानं हललं की पुष्कळ पायांचा खेकडा डब्यातून उतरतोय असं वाटायचं. खरं नाव ख्रिसमस कॅक्टस. थंडीत, नाताळाच्या सुमाराला फुलतं म्हणून. आमच्याकडं ते मी शाळेत असल्यापासून आहे, आणि इतक्या वर्षांत त्याला एकही फूल आलेलं नव्हतं.

ते आईनं वाढवलं. आई जाऊन काही वर्षं झाली. तिनं रोज पुसलेल्या, जपलेल्या या झाडाचं फूल तिला कधी पाहायला मिळालं नाही, ही गोष्ट माझ्या मनात खड्यासारखी रुतून बसली होती. मला अशा गोष्टी रुतवून घ्यायची सवयच आहे. आमच्याकडून निघालेल्या पाहुण्यांची बस चुकली तरी मला वाटतं, मीच त्यांना दुसरा चहा प्यायला बसवलं. या वर्षी मी ठरवलं होतं, काही झालं तरी या झाडाला फुलवायचं. आईसाठी. आणि बाबांचे डोळे अजून पाहताहेत तोवर.

कोराडीच्या कॉलनीत अंधार नव्हता.

हे आता कुणाला सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण संध्याकाळ झाली की तिकडं केंद्राच्या बाजूला आभाळ तांबूस व्हायचं आणि सकाळपर्यंत तसंच राहायचं. केंद्राच्या उंच धुराड्यांच्या अंगावर लाल दिवे, रस्त्यावर दिवे, प्रत्येक क्वार्टरच्या व्हरांड्यात एक उघडा बल्ब. दिवे बंद करायची सवयच कुणाला नव्हती. न्हाणीतला दिवा भर दुपारी जळत असायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. गावाकडचे पाहुणे आले की अंगणात बाजा टाकून उजेडात पत्ते कुटत बसायचे. त्यांच्या घरी रोजची संध्याकाळ कंदिलाची काच पुसण्यात जायची. आमचे मामा तर एकदा नुसतेच बल्बाकडं पाहत बसले होते. “हा विझतच नाही काय वं?” त्यांनी आईला विचारलं, आणि आई अशा काही अभिमानानं हसली, जणू तो तिनंच पेटवलेला होता.

आणि आवाज. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याची घरघर दिवसरात्र चालायची. ती थांबली की झोपेतून जाग यायची. मधूनच वाफ सुटायची, मग शिफ्ट बदलल्याचा भोंगा, मग सायकलींच्या घंट्या. आणि राख. वाळत घातलेल्या चादरीवर राख, दह्यावरच्या झाकणीवर राख, वहीच्या घडीत राख. विझलेल्या काडीला येतो तसा एक बारीक वास तिला असायचा. शेकोटीजवळ उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलताना, संत्र्याची साल नाकाशी मोडताना, त्या सगळ्या वासांच्या खाली हा एक वास असायचाच. आजही कुणी काडी पेटवून विझवली की मी क्षणभर त्या व्हरांड्यात असतो.

झाड आणलं दवाखान्यातल्या सिस्टरनं. ती केरळची, एकटी राहायची. तिला नाव होतं की नाही कोण जाणे. साऱ्या कॉलनीची ती सिस्टर. मला गोवर झाला तेव्हा ती रोज घरी येऊन जायची. आईची आणि तिची मैत्री तिथून झाली. एक दिवस तिनं रुमालात गुंडाळून तीन पेरांचा एक तुकडा आणला. आईनं तुपाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला भोकं पाडली, थोडी माती, पुष्कळसा विटांचा चुरा आणि कोळशाचे बारीक खडे असं मिसळून त्यात तो रोवला. झाड लागलं. वर्षभरात डब्याबाहेर लोंबायला लागलं.

मग तो क्वार्टरचा घोटाळा झाला.

आमच्या ओळीतली क्वार्टर्स एका साच्यातून काढलेली. तेच फाटक, तोच व्हरांडा, तोच बल्ब, दारालाही तोच हिरवा रंग. बाबा तेव्हा सेकंड शिफ्टला होते. रात्री थकून, धुक्यातून सायकल मारत आले. सायकल भिंतीला लावली, आत शिरले, खुंटीवर पिशवी अडकवली, खुर्चीत बसून डोळे मिटले आणि म्हणाले, “चहा मांड वं. डोकं उठलं.”

आतून शेजारच्या गजभियेकाकूंचा आवाज आला, “मांडते ना भाऊजी. पण तेवढे बूट बाहेर काढून या.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या केंद्रात ही बातमी. कंट्रोल रूममध्ये, कँटीनमध्ये, जो भेटेल तो बाबांना विचारी, “काय राजे, घर सापडलं काय?” बाबा जेवायला बसले तरी मान वर करीनात. आईनं दिवसभर हसून घेतलं. मग संध्याकाळी स्टुलावर चढली, व्हरांड्याच्या आढ्याला तार बांधली आणि झाडाचा तो डबा बल्ब आणि भिंत यांच्या मधोमध टांगला. बल्ब लावल्याबरोबर दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर सावली पडली. हा एवढा मोठा खेकडा, सगळे पाय पसरलेला! मी टाळ्या वाजवल्या. आई फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेली, तिथून वळून पाहिलं आणि परत आली.

बाबांना ती म्हणाली, “आता खेकडा दिसला की थांबा, अन् सरळ घरात या. नाही दिसला तं पुढे चाला.”

तेव्हापासून झाड तिथंच. रोज सकाळी आई जुन्या लुगड्याचा ओला तुकडा घेऊन त्याचं एकेक पेर पुसायची. खाली तळहात धरायचा, वरून तुकडा फिरवायचा, बाळाचे कान पुसतात तसं. तुकडा काळा व्हायचा आणि झाड हिरवं. मे महिन्यात डबा खाली उतरून घरात यायचा, कूलरच्या बाजूला. वाळ्याचा ओला वास, कूलरची थरथर, बाहेर डोळे जाळणारं ऊन, आणि गार झोतात डुलणारा खेकडा. बुद्धपौर्णिमेची खीर वाट्यांत वाढताना आई सांगायची, “त्याले खेटून नको बसा रे, त्याचा वारा अडते.” आम्ही सरकून बसायचो. कूलरच्या वाऱ्यावर पहिला हक्क झाडाचा होता.

इतकं सगळं. आणि फूल नाही.

सिस्टरच्या झाडाला मात्र यायची. दर नाताळाला आई मला घेऊन तिच्याकडं जायची, दिवस मावळता मावळता. सिस्टरच्या दारावर कागदी चांदणी असायची. घरात दवाखान्याचा वास आणि केकचा वास एकमेकांत मिसळलेले. त्या केकमधले लाल-हिरवे गोड तुकडे मी आधी वेचून खायचो. मागच्या खोलीच्या खिडकीत तिची कुंडी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणी कागदाची फुलं करून चिकटवली असतील. प्रत्येक पानाच्या टोकाला राणी रंगाचं एक फूल, आणि त्या फुलाच्या पोटातून बाहेर पडणारं जणू दुसरं फूल. पाकळ्या मागं वळलेल्या, झेप घेणाऱ्या पाखराच्या पंखांसारख्या. कुंडी दिसतच नव्हती.

“देखो भाभी, इस बार पूरा आ गया!” सिस्टर म्हणायची.

आई दोन्ही हात पाठीमागं धरून वाकायची. हात लागू नये म्हणून. आणि पाहत राहायची. केक कापून व्हायचा, माझा खाऊन व्हायचा, बाबांसाठीचा तुकडा कागदात बांधून व्हायचा, तरी ती पाहतच असायची. मग एकदम उठायची. “चाल गा, चाल, अंधार पडून राहिला,” म्हणून माझा हात धरून इतक्या भराभर चालायची की मला जवळजवळ पळावं लागे. घरी येऊन पहिल्यांदा काय करायची, तर व्हरांड्याचा बल्ब लावायची. भिंतीवर आमचा खेकडा हजर. बिनफुलाचा.

“आई, आपल्याले काहून नाही येत फुलं?” मी एकदा विचारलं.

“येतीन,” ती म्हणाली. “त्याच्या मनात आलं की येतीन.”

तिच्या त्या भराभर चालण्याचा मी पुढं आयुष्यभर एकच अर्थ लावला. तिला तिथं पाहवत नव्हतं, असा.

कोराडी सुटली. बाबा निवृत्त झाले. आम्ही इकडं शहराच्या कडेला, बेसाला फ्लॅट घेतला तेव्हा भोवती शेतं होती. आता गॅलरीतून हात लांब केला तर समोरच्या इमारतीचे कपडे काढता येतील. आई या घरात राहिली, झाडही राहिलं. आई गेल्यावर मी एका मे महिन्यात झाड गॅलरीतच विसरलो. कूलर आमच्या खोलीत चालू होता. झाडाची उकडलेल्या भाजीसारखी गत झाली. बाबांनी न बोलता त्यातली धडधाकट राहिलेली दोन पेरं खुडली आणि पाण्याच्या पेल्यात ठेवली. आज जे आहे ते त्या दोन पेरांचं. कुंडीची जागाही त्यांनीच ठरवली. गॅलरीत, बाजूच्या बल्बाच्या आणि भिंतीच्या मधोमध, एका उंच स्टुलावर. “इथंच ठेव,” ते म्हणाले होते. काहून, ते मी विचारलं नाही.

या पावसाळ्याच्या शेवटी मी मोबाइलवर या झाडाबद्दल वाचायला बसलो. इतकी वर्षं मला हे सुचलं नव्हतं, याचं आता आश्चर्य वाटतं. थेट ऊन नको, भुसभुशीत माती हवी, हवेत ओल हवी. हे सगळं आई करतच होती. मग पुढची ओळ आली. फुलायला या झाडाला लांबच लांब रात्री लागतात. गारवा आणि सलग अंधार, संध्याकाळपासून सकाळपर्यंत, कित्येक आठवडे. मधे साधा बल्ब लागला तरी झाडाला वाटतं, अजून दिवसच आहे. मग ते कळ्या धरत नाही.

मी मोबाइल पालथा ठेवला.

तो बल्ब. व्हरांड्यातला. बाबांसाठी संध्याकाळी लागणारा आणि सकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं तर विझणारा. आईनं स्वतःच्या हातांनी झाड त्याच्यासमोर टांगलं होतं, आणि बिचारी रोज त्याची पानं पुसत, कधीतरी फुलेल म्हणून वाट पाहत राहिली होती. साऱ्या कॉलनीत विजेचं कौतुक आणि आमचं झाड एका रात्रीच्या अंधाराला तरसलेलं! हे बाबांना कळलं तर? ती फुलं पाहू शकली नाही ती आपल्यामुळं, हे ओझं या वयात त्यांच्या पाठीवर मी ठेवायचं? मी ठरवलं, सांगायचं नाही. आणि ठरवल्यापासून त्यांच्या नजरेला नजर देताना मला चोरट्यासारखं व्हायला लागलं.

पण अंधार तर हवा होता, आणि बाबा म्हणजे दिवस कलला की घरातले सगळे दिवे लावत फिरणारा माणूस. त्यावरून आमचे खटके उडायचे. “जन्मभर लाइट बनवला म्या,” ते म्हणायचे, “आता अंधारात बसू काय?”

म्हणून मी अर्धंच सांगितलं. “बाबा, या झाडाला थोडे दिवस झोप पाहिजे. अंधारात.”

“झोप? त्याले कोणती ड्युटी होती?”

“फुलायसाठी लागते म्हणतात.”

ते झाडाकडं पाहत राहिले. “कधीपासून कधीपर्यंत?”

“दिवस मावळला की, सकाळ होईस्तोवर.”

“म्हणजे सेकंड अन् नाइट, दोन्ही शिफ्टा,” ते म्हणाले आणि काठी आपटली. “मी घेतो चार्ज.”

आणि काय सांगू, घराचा नूरच पालटला! त्यांनी गॅलरीतला बल्ब माझ्याकडून काढून घेतला, चुकून कुणी लावू नये म्हणून. टीव्हीचं जुनं खोकं माळ्यावरून उतरवायला लावलं, त्याच्या फटींना काळी पट्टी चिकटवली. रोज दिवेलागणीला ते खोकं झाडावर उतरवायचे आणि आत ओरडायचे, “युनिट शटडाउन!” स्वयंपाकघरातून वंदना उत्तर द्यायची, “ओके साहेब!” सकाळी खोकं निघायचं, पाण्याचा हात फिरायचा, माती बोटानं चाचपली जायची. निवृत्तीनंतर इतक्या वेळेवर उठताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. सकाळच्या चहाबरोबर मला रिपोर्ट मिळायचा. “रात्री थंडी बरी होती. युनिट नॉर्मल.”

एकदा मला राहवलं नाही. खोक्याचा कोपरा उचलून मोबाइलच्या उजेडात आत डोकावलो, तोच पाठीमागून आवाज, “कोण आहे तिकडे? ड्युटीवरच्या माणसाले विचारलं काय?” मी खोकं सोडलं आणि चोरासारखा आत पळालो. वंदना इतकी हसली की तिच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

दिवाळीत तर कहर. सगळ्या बेसात रोषणाई, समोरच्या गॅलरीत लुकलुकणाऱ्या निळ्या माळा, आकाशात उडणारे बाण. बाबांनी खोक्यावर आपली जाडी रग टाकली, तिच्यावर माझी शाल, आणि खुर्ची घेऊन शेजारी बसले, कुणी फटाका इकडं भिरकावू नये म्हणून. समोरच्या गॅलरीतला शेजारी म्हणाला, “काका, आज तरी लाइट लावा!” बाबा म्हणाले, “आमच्याकडे शटडाउन आहे.” जन्मभर उजेड करणारा माणूस ऐन दिवाळीत अंधाराची राखण करत बसला होता, तोही खुशीत.

आणि मग ती ब्रशवाली सकाळ आली.

कळ्या आल्यापासून आम्ही दोघंही वेडे झालो. कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही, कारण जागा बदलली की या झाडाच्या कळ्या गळतात. वंदनाला गॅलरी झाडताना स्टुलाभोवतीची जागा सोडावी लागायची. कणीचा गहू झाला, गव्हाचा शेंगदाणा. रंग गडद होत गेला. एक कळी गळली. मी ती तळहातावर घेऊन बाबांसमोर उभा राहिलो. “मीच पाणी जास्त घातलं,” म्हणालो.

“लोड थोडा कमी झाला,” ते म्हणाले. “बाकी मशीन चालू आहे ना? मग काहून तोंड पाडून बसला?”

आज संध्याकाळी पहिलं फूल पूर्ण उघडलं. सकाळी ते अर्ध्यावर होतं; मी ऑफिसातून नेहमीपेक्षा लवकर निघालो, जिन्यात धापा टाकत चढलो, आणि गॅलरीत पाहतो तर राणी रंगाचं ते पाखरू पंख मागं टाकून बसलेलं. त्याच्या आजूबाजूला आणखी तिघं, निघण्याच्या तयारीत. तेच फूल. सिस्टरच्या खिडकीतलं. केकचा वास नाकात आला, अगदी खरोखर आला. बाबा खुर्चीत बसून होते आणि त्यांचा चहा गार झाला होता. खोकं रिकामं, बाजूला.

इतका आनंद झाला की मला गप्प राहवेना. आनंदातच माझी जीभ सुटते आणि मग मी नको ते बोलतो. “बाबा,” मी म्हणालो, “एक गोष्ट तुमच्यापासून लपवली मी. आईच्या वेळी या झाडाला फुलं आली नाहीत ना, ती त्या व्हरांड्यातल्या...”

“बल्बानं,” बाबा म्हणाले. “मले माहीत आहे.”

मी खाली बसलो.

“डबा टांगला त्याच वर्षी सिस्टरनं तिले सांगतलं होतं. भाभी, इसको रात में अंधेरा होना. तुझ्या आईनं मले विचारलं. म्या म्हटलं, कर बंद, मी काय लहान पोट्टा आहो? येतो बरोबर. तं तिनं एक दिवस केला बंद.” ते फुलाकडं पाहूनच बोलत होते. “धुकं होतं. मी आलो, तं खेकडा दिसेना. गेलो पुढे. टोकाले जाऊन सायकल वळवली, पुन्हा आलो. पुन्हा गेलो पुढे. तिसऱ्या वेळी हिचा आवाज आला. फाटकात उभी होती, अंधारात. मले म्हणे, दोनदा गेले तुम्ही समोरून, मी पाहून राहिली होती.”

“मग आधीच आवाज नाही दिला?”

“पहिल्यांदा हसू आलं म्हणे तिले.” बाबा हसले. मग थांबले. “अन् दुसऱ्यांदा भ्यायली.”

खाली रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली.

“तिनं तिथल्या तिथं बल्ब लावला. म्या म्हटलं, अवं, तुझी फुलं? म्हणे, फुलं मी सिस्टरकडे पाहून येत जाईन. तिच्याकडे संध्याकाळचं कोणी यायचं नसते, तिले अंधार जमते. आपल्याले नाही जमत.”

ते भराभर चालणं माझ्या हातात पुन्हा जाणवलं, तिची पकड, माझी पळापळ, आणि दारात पोचताच बटणाकडं गेलेला तिचा हात. ती फुलांपासून पळत नव्हती. दिवा लावायला घरी निघालेली असायची. इतकी वर्षं मी तिला उगाच दुःखी करून ठेवलं होतं.

“आता लाइट चालते काय त्याले?” बाबांनी विचारलं.

“आता चालते बाबा. फूल आल्यावर काही होत नाही.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बल्ब काढला. खिशातून! सकाळपासून घेऊन हिंडत असावेत. मी खुर्चीवर चढून तो बसवला. बटणाकडं माझा हात गेला तसा त्यांनी काठीनं अडवला आणि स्वतः उठले. खट्ट.

भिंतीवर खेकडा पडला. लहान आहे अजून, दोन पेरांपासून वाढलेला. पण या खेकड्याच्या पायांच्या टोकांना पंख होते.

“खाली जा,” बाबा म्हणाले. “रस्त्यावरून दिसते काय पाह्य.”

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. एका पायात माझी चप्पल, एका पायात बाबांची. फाटकाबाहेर, रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो आणि वळलो. थंडीची संध्याकाळ, कुठूनतरी शेंगा उकडल्याचा वास. आमची इमारत समोर. सगळ्या गॅलऱ्या एकसारख्या, तोच कठडा, तीच जाळी, तोच पिवळट रंग, आणि त्या सगळ्यांत एका भिंतीवर पाय पसरून बसलेला आमचा खेकडा, इथवर स्पष्ट. कठड्याशी बाबा उभे होते. शेजारी वंदना, हातात उलथनं तसंच.

“दिसते काय गा?” बाबा वरून ओरडले.

माझा आवाज असा फुटला की समोरच्या गॅलरीतले लोक बाहेर आले.

“दिसते बाबा! दिसते!”

“मग ये ना घरी,” बाबा म्हणाले. “उभा काहून राहिला?”